रेस आपोआप मिळावी, पण वेळेवर: मॅन्युअल गाडीत ऑटो रेव्ह-मॅचिंग बसवताना

वळणाआधी ब्रेक दाबला, तिसऱ्यातून दुसरा टाकला, क्लच सोडला आणि गाडीने नाक खाली घालून हिसका दिला. मॅन्युअल चालवणाऱ्या प्रत्येकाने हा हिसका खाल्लेला असतो. दुसऱ्या गिअरला इंजिन जेवढं वेगात फिरायला हवं, तेवढं ते फिरत नव्हतं. उरलेला वेग त्याने चाकांकडून ओढून घेतला, आणि ती ओढाताण झाली क्लचच्या प्लेटवर. पाय पटाईत असेल तर माणूस ब्रेक न सोडता टाचेने किंवा पावलाच्या कडेने मध्येच रेस देतो आणि हिसका चुकवतो. ऑटो रेव्ह-मॅचिंग म्हणजे ही मधली रेस ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने देणं.

ऐकायला हे थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडण्याचं काम वाटतं. मीही तसंच समजून सुरुवात केली होती. थ्रॉटल किती उघडायचं हे एका दुपारी जमतं. खरा वेळ खातात ते दोन प्रश्न: क्लचची पकड नेमकी कधी सुटली हे ईसीयूला कसं कळणार, आणि जिकडे ट्यूनिंग करताना कोणी ढुंकून बघत नाही त्या हलक्या भाराच्या मॅपमध्ये (ईसीयूतल्या इंधनाच्या तक्त्यात) इंधन बरोबर आहे का. लेखाचा मोठा भाग या दोघांवरच खर्च होणार आहे.

आधी आकडे

२०५/५५ आर१६ टायरचा घेर साधारण १.९८५ मीटर येतो. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ५०४ वेळा फिरतं. फायनल ड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्स आणि चाकांमधला कायमचा रेशो, ४.१ धरा. आता गिअरचा रेशो गुणला की इंजिनचे आरपीएम (मिनिटाला फेरे) मिळतात: पाचवा ०.८५ असेल तर १७५६, चौथा १.०३ तर २१२८, तिसरा १.३६ तर २८०९, दुसरा २.०५ तर ४२३४, आणि पहिला ३.६ असेल तर ७४३६.

म्हणजे ६० च्या वेगात तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनला १४२५ आरपीएम वर उचलायचं आहे. वेग कितीही असो, गुणोत्तर तेच राहतं: २.०५ भागिले १.३६, म्हणजे १.५१. तिसऱ्यात ३००० वर असाल तर दुसऱ्यात ४५२० च्या आसपास. चौथ्यातून तिसऱ्याला १.३२, पाचव्यातून चौथ्याला १.२१. वरच्या गिअरांमध्ये अंतर कमी, म्हणून तिथे रेस दिली नाही तरी फारसं जाणवत नाही. हिसका खरा बसतो तो खालच्या गिअरांना.

आपल्या गाडीचे रेशो सर्व्हिस मॅन्युअलमधून काढा आणि असा तक्ता आधी कागदावर करा. टायर बदलले असतील तर घेर टेपने मोजा: चाकावर खडूची रेघ मारायची, गाडी सरळ एक फेरा ढकलायची, जमिनीवरचं अंतर मोजायचं. टायरवर छापलेल्या मापातून काढलेल्या आकड्यापेक्षा हा आकडा भरवशाचा, कारण भार पडल्यावर टायर थोडा बसतो.

एक गैरसमज इथेच मोडतो. रेव्ह-मॅचिंगने सिंक्रो (गिअर बसण्याआधी त्यांचे वेग जुळवणाऱ्या कड्या) वाचतात, असं सर्रास सांगितलं जातं. क्लच दाबलेला असताना इंजिन गिअरबॉक्सपासून सुटलेलं असतं. इनपुट शाफ्ट आणि त्यावरची क्लच प्लेट यांना नव्या गिअरच्या वेगाला आणण्याचं काम तेव्हाही सिंक्रोच करतो. तुम्ही दिलेली रेस त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. रेस वाचवते ती क्लच प्लेट, इंजिन माउंट, ड्राइव्हशाफ्ट आणि इंजिन फिरवतं त्या चाकांची पकड. सिंक्रो वाचवायचा तर डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यावी लागते. तेव्हा दुसरा गिअर घासत असेल तर त्यावर हा उपाय नव्हे.

कारखान्यातून आलेली सोय

२००९ च्या निस्सान ३७०झेडमध्ये सिंक्रोरेव्ह मॅच नावाने ही गोष्ट आली आणि लोकांच्या तोंडी झाली. २०१४ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये सात गिअरच्या मॅन्युअलसोबत ती मिळाली, आणि चालू-बंद करायला स्टिअरिंगमागचे पॅडल दिले होते. २०१७ च्या होंडा सिव्हिक टाइप आरमध्ये, ह्युंदाई आय३० एनमध्ये, आणि टोयोटाच्या आयएमटी (इंटेलिजंट मॅन्युअल ट्रान्समिशन) असलेल्या गाड्यांत ती आहे.

कारखान्याच्या चांगल्या सिस्टिम सहज वाटतात, कारण त्यांना गिअरचा दांडा कुठे चालला आहे हे दाखवणारा सेन्सर असतो. दांडा दुसऱ्याच्या खोबणीकडे झुकला की गिअर बसायच्या आधीच रेस सुरू होते. तुमच्या गाडीत ही सोय असेल तर पुढचं बहुतेक वाचायची गरज नाही. मेनूत जाऊन चालू करा, आणि टाच-पावलाचा सराव करायचा असेल तेव्हा बंद करा. दोघांनी एकाच वेळी रेस दिली तर ती जास्त होऊ शकते आणि हात-पायाची लय बिघडते.

गाडी या कामाच्या लायकीची आहे का

केबलचं थ्रॉटल असेल तर माझा सल्ला: सोडून द्या. केबल ओढणारा सोलेनॉइड किंवा हवेचा सिलिंडर लावून ही रेस देता येते, रेसिंगमध्ये तसं केलंही जातं, पण रस्त्याच्या गाडीत थ्रॉटल उघडं अडकायची ती एक नवी जागा होते. आयडल व्हॉल्व्हने (पेडल सोडलेलं असताना इंजिन चालू राहण्यापुरती हवा देणाऱ्या झडपेने) काम भागवावं असं काहींना सुचतं. त्यातून तेवढी हवाच जात नाही. म्हणून थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक हवं. पेडलला दोन आणि थ्रॉटलला दोन असे सेन्सर त्यात असतात आणि ईसीयू त्यांची एकमेकांशी पडताळणी करत राहतो. ही पडताळणी कधीही बंद करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

ईसीयू एकतर मूळचा, ज्याचं सॉफ्टवेअर उघडून या कामासाठी बदलता येतं, किंवा आफ्टरमार्केटचा, म्हणजे बाहेरून घेऊन बसवलेला, ज्यात थ्रॉटलचं नियंत्रण आणि स्वतःचे नियम लिहायची सोय आहे. स्वतंत्र डबी मिळते, जी पेडलच्या वायरमध्ये घुसून ईसीयूला खोटा पेडल सिग्नल देते. ती बसवायला सोपी, पण तिला इंधन आणि इग्निशनवर काहीच बोलता येत नाही. त्यामुळे खाली येणारी अर्धी दुखणी तिच्याने बरी होत नाहीत.

शिवाय गाडी निरोगी हवी. क्लचच्या हायड्रॉलिकमध्ये हवा असेल, माउंट फाटलेले असतील, थ्रॉटल बॉडीवर काजळी बसली असेल तर आधी ते करा. वॉरंटी आणि प्रदूषणाचे नियम तुमच्या भागात काय म्हणतात तेही आधीच बघून घ्या.

क्लचचा सिग्नल: इथे घाई नको

बऱ्याच गाड्यांच्या क्लच पेडलला दोन स्विच असतात. वरचा स्विच पेडलला पाय लागताच बदलतो. क्रूझ कंट्रोल सोडवण्यासाठी तो असतो. खालचा पेडल तळाला टेकल्यावर बदलतो. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून. आपल्याला हवी असलेली जागा या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते.

पहिल्या वेळी मी वरच्या स्विचची वायर घेतली, कारण ती हाताला लागत होती. मोकळ्या पटांगणात तिसऱ्यात गाडी चालली होती, क्लच दाबायला सुरुवात केली आणि ब्रेक लागण्याऐवजी गाडी पुढे सरकली. क्लच अजून धरलेला होता आणि ईसीयूने रेस देऊन टाकली होती. समोर काही नव्हतं म्हणून हसण्यावारी गेलं. खालचा स्विच घेतला तेव्हा उलट झालं: पाय तळाला टेकेपर्यंत रेस नाही, आणि घाईत गिअर टाकताना मी तळापर्यंत जातच नव्हतो.

म्हणून पेडलला सलग व्होल्टेज देणारा सेन्सर लावा. साधा हॉल सेन्सर (चुंबकाची जागा ओळखणारा) चालतो. मग पकड कुठे येते ते असं मोजा: सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन पूर्ण गरम. पहिला गिअर टाका आणि क्लच अगदी सावकाश सोडत या. आयडल ५० आरपीएमने खाली येईल त्या क्षणी सेन्सरचं व्होल्टेज टिपा. पाच वेळा करा. माझ्या गाडीत पेडल वर असताना ०.८, तळाला ४.१, आणि पकड २.४ व्होल्टला येत होती. रेस सुरू व्हायची सीमा मी २.९ वर ठेवली आणि थांबायची २.६ वर. दोन सीमांमध्ये फट ठेवली नाही, तर पायाच्या थरथरीने रेस चालू-बंद होत राहते. क्लच प्लेट बदलली की हे सगळं पुन्हा मोजायचं.

कोणता गिअर येतोय

गिअरच्या दांड्याला सेन्सर नसेल तर स्वस्त मार्ग असा: क्लच दाबायच्या आधी आरपीएम आणि वेग यांच्या भागाकारातून चालू गिअर ओळखायचा, ब्रेक दाबलेला असेल तर एक गिअर खाली येणार असं धरायचं. रोजच्या चालवण्यात हे बहुतेक वेळा जुळतं. पाचव्यातून थेट तिसऱ्यात गेलात की फसतं: ६० च्या वेगात ईसीयू चौथ्यासाठी २१२८ देतो, तुम्हाला हवे असतात २८०९. आणि सिग्नलला थांबायला क्लच दाबलात तरी तो रेस देतो, जे ऐकायला वेडगळ वाटतं.

चांगला मार्ग म्हणजे गिअरच्या दांड्याखाली दोन सेन्सर, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक पुढेमागे. गाडी उभी ठेवून दांडा प्रत्येक गिअरमध्ये घाला आणि दोन्ही व्होल्टेज लिहून घ्या. मग एक बारकाई: दांडा गिअरकडे नेताना, सिंक्रो अडवतो ती जागा हाताला लागते, जराशी स्पंजासारखी. त्या जागेचं व्होल्टेजही टिपा. रेस तिथून सुरू व्हायला हवी, गिअर पूर्ण बसल्यावर नव्हे. तेवढ्यात मिळणारा वेळ फार कामाचा असतो.

लक्ष्य गोठवू नका

हा बारकावा पहिल्या फेरीत बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. क्लच दाबला त्या क्षणी लक्ष्य, म्हणजे गाठायचे आरपीएम, काढलं आणि तेच धरून ठेवलं, असं करू नका. बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावला तर गाडी अर्ध्या सेकंदात ताशी १० किमी वेग गमावते. ६० वर दुसऱ्याचं लक्ष्य ४२३४ होतं. क्लच सोडेपर्यंत वेग ५० झाला आणि लागतात फक्त ३५२८. सातशे आरपीएम जास्त, म्हणजे गाडी पुढे ढकलली जाणार, तीही ब्रेक लावलेला असताना. लक्ष्य दर गणतीला चालू वेगावरून पुन्हा काढा. ताठ ब्रेकमध्ये चाक क्षणभर अडकून वेग शून्य दाखवू शकतं, म्हणून अशक्य वेगाने पडणारा आकडा गाळून टाका.

लक्ष्यात मी ५० ते १०० आरपीएम जास्त टाकतो. क्लच पकडेपर्यंत आरपीएम थोडे पडतातच, आणि कमी पडण्यापेक्षा किंचित जास्त असलेलं शरीराला कमी खटकतं. दोनशेच्या आतली चूक मला तरी सीटवर कळत नाही.

लक्ष्य रेडलाइनच्या (इंजिनच्या कमाल आरपीएमच्या) वर जात असेल तर रेस द्यायचीच नाही. ताशी १०० ला दुसरा म्हणजे ७०५७ आरपीएम. पण लक्षात घ्या, ईसीयूने रेस नाकारली म्हणून इंजिन वाचत नाही. चुकून दुसरा टाकून क्लच सोडलात तर चाकं इंजिनला फिरवतात, आणि रेव्ह लिमिटर फक्त इंधन किंवा ठिणगी तोडू शकतो. वाकलेले व्हॉल्व्ह त्याने सरळ होत नाहीत.

थ्रॉटल किती आणि किती वेळ

भार नसलेलं इंजिन फार थोड्या थ्रॉटलवर फिरतं. दहा-पंधरा टक्क्यांवर ते ४००० च्या पलीकडे आरामात जाईल. फक्त सावकाश जाईल. आपल्याला घाई आहे. फ्लायव्हीलसकट इंजिनचं जडत्व ०.१५ किलोग्रॅम-वर्गमीटर धरलं, तर १४२५ आरपीएम पाव सेकंदात चढवायला साधारण ९० न्यूटन-मीटर लागतात, शिवाय घर्षणाचे वेगळे. ०.४ सेकंद दिले तर ५६ पुरतात. मध्यम आकाराच्या इंजिनला हे जड नाही, पण पाव सेकंदातला बराच भाग थ्रॉटलची मोटार हलण्यात आणि मॅनिफोल्ड (थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंतचा हवेचा मार्ग) हवेने भरण्यातच जातो. म्हणून लक्ष्य आणि चालू आरपीएम यांच्या नुसत्या फरकावर चालणारं नियंत्रण कायम उशिरा पोहोचतं.

दोन भागांत करा. पहिला ठोक, म्हणजे एकदम द्यायचं ठरावीक थ्रॉटल: किती आरपीएम चढायचे आहेत त्यावर थ्रॉटलचा एक तक्ता, सुरुवातीला ४०० साठी १२ टक्के, ८०० साठी १८, १४०० साठी २६ असा काहीसा. दुसरा सुधारणेचा: लक्ष्य गाठायला २५० आरपीएम उरले की ठोक सोडा आणि उरलेलं लहान फरकाने सावरा. लक्ष्य ओलांडलं तर थ्रॉटल मिटून उपयोग होत नाही, मॅनिफोल्डमध्ये भरलेली हवा जळायचीच आहे. तिथे इग्निशन मागे घ्या, म्हणजे ठिणगी उशिरा पाडा, दहा-बारा अंश. त्याचा परिणाम पुढच्याच फायरिंगला मिळतो. एवढ्या थोड्या वेळासाठी एक्झॉस्टच्या गरमीची काळजी नाही.

जिथे मी दोन शनिवार-रविवार घालवले

सगळं जोडलं, क्लच दाबला, थ्रॉटल उघडलं, आणि इंजिनाने आधी भक्क केलं, एक क्षण मरगळलं आणि मगच चढलं. मी थ्रॉटलचे आकडे वाढवत गेलो. मरगळ तशीच, वर आता लक्ष्यही ओलांडायला लागलं.

न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत रेस दिली की हेच इंजिन झकास चढायचं. फरक कशाचा? गिअरमध्ये एक्सलेटर सोडून गाडी येते तेव्हा ईसीयू इंधन पूर्ण तोडतो. त्या दोन-चार सेकंदांत इनटेक पोर्टच्या भिंतीवरचा पेट्रोलचा ओलावा सुकून जातो. मग अचानक हवा आत आली की पहिलं इंधन भिंत ओली करण्यातच खर्च होतं आणि सिलिंडरला मिळतं लीन, म्हणजे इंधन कमी पडलेलं मिश्रण. म्हणून ते भक्क.

उपाय दोन. क्लच पकडीच्या सीमेकडे निघाला, म्हणजे पेडल हललं की लगेच, इंधन तोडणं थांबवा. इथे वरचा स्विच कामाला येतो, तो वाया गेला नाही. आणि इंधन परत सुरू होताना पहिल्या काही इंजेक्शनांना जादा मात्रा द्या. मी २० टक्क्यांपासून सुरू करून वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर) बघत ३५ वर थांबलो. तुमचा आकडा वेगळा येईल: थंड इंजिनाला जास्त लागतं, आणि सिलिंडरमध्ये थेट इंजेक्शन असेल तर हा त्रास जवळपास नसतोच.

याच निमित्ताने हलक्या भाराचा मॅप उघडा. १५०० ते ४५०० आरपीएम आणि मॅनिफोल्डचा दाब २५ ते ५० किलोपास्कल हा चौकोन. पूर्ण थ्रॉटलचे आकडे सगळे प्रेमाने लावतात. हा भाग मात्र बहुतेक मॅपमध्ये अंदाजाने भरलेला असतो, आणि रेव्ह-मॅचिंगची प्रत्येक रेस नेमकी इथूनच जाते. गाडी स्थिर वेगात ठेवून एकेक घर लॅम्डा १ च्या (हवा आणि इंधन नेमक्या प्रमाणात) जवळ आणा. हे झाल्यावर मी ठोकाचा तक्ता जवळपास एक चतुर्थांशाने कमी करू शकलो.

वरचा गिअर टाकताना उलट तक्रार येते: आरपीएम पडतच नाहीत, लटकून राहतात. जड फ्लायव्हील हे एक कारण. दुसरं म्हणजे प्रदूषण आवरण्यासाठी ईसीयू मुद्दाम थ्रॉटल सावकाश मिटवतो. ही सावकाशी थोडी कमी करता येते. अगदी काढून टाकलीत तर थांब्याला येताना इंजिन बंद पडायला लागतं, तेव्हा बेताने.

चाचणी

नियम आधी लिहा, मग गाडी हलवा. रेस एका वेळी ०.७ सेकंदांहून लांब नाही. थ्रॉटल ४० टक्क्यांच्या वर नाही. वेग ताशी १५ किमीच्या खाली, कूलंट थंड, किंवा कोणताही सेन्सर मर्यादेबाहेर असेल तर रेस नाही. क्लच सीमेच्या वर आला की त्याच क्षणी थ्रॉटल पेडलच्या हवाली. आणि हाताला लागेल असा एक बंद करायचा स्विच.

पहिली चाचणी चाकं स्टँडवर, दुसरी मोकळ्या बंद जागेत, चौथ्यातून तिसऱ्यात. तिथे अंतर कमी आणि चुकीची शिक्षाही कमी. दुसऱ्याकडे शेवटी या. पावसात मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर सगळं बसेपर्यंत नकोच.

लॉगमध्ये आरपीएम, लक्ष्य, क्लचचं व्होल्टेज, थ्रॉटल, लॅम्डा, वेग आणि ब्रेक एकावर एक ठेवून बघा, सेकंदाला किमान ५० नोंदी. क्लच पुन्हा पकडतो त्या रेघेवर आरपीएम आणि लक्ष्य यांत किती फरक आहे, एवढंच आधी मोजा. आरपीएम उशिरा पोहोचत असतील तर थ्रॉटलला हात लावण्याआधी रेस कधी सुरू झाली ते बघा. सुरुवातीला आरपीएमची रेघ खाली वाकून मग वर जात असेल आणि तेव्हाच लॅम्डा उसळत असेल, तर इंधन. पोहोचून पलीकडे जात असतील तर ठोक मोठा, किंवा इग्निशन उशिरा मागे येतंय. आलेख सगळा देखणा असूनही हिसका बसत असेल, तर क्लचची सीमा पुन्हा मोजा. माझ्या गाडीत सेन्सरचा ब्रॅकेट दोन मिलिमीटर सरकला होता.